शांत ठेवा तिला

दिघीच्या गावठाणातल्या शालनबाईनं एका वर्षात तीन बिऱ्हाडं उठवली, आणि तिन्ही एका आवाजापायी.

पहिलं बिऱ्हाड नांदेडकडच्या नवरा-बायकोचं. त्यांच्याकडं काचेची पेटी होती, पेटीत सोनेरी मासे आणि माशांना हवा देणारं काडेपेटीएवढं यंत्र. ते यंत्र गुणगुणतं आणि ती गुणगुण भिंतीतून थेट आपल्या उशीत शिरते, असं शालनबाईचं म्हणणं. नवऱ्यानं यंत्र बंद करून दाखवलं. बाई म्हणाली, बंद केलंस तरी आवाज भिंतीत मुरलाय त्याचं काय. मग एक दिवस दोघं पहिल्या शिफ्टला गेल्यावर तिनं जादा किल्लीनं खोली उघडली आणि पिन उपसून टाकली. संध्याकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. बायको रडली. शालनबाई उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली की मासं खायाचं असतंय, पाळायचं नसतंय. महिना भरायच्या आत ते दोघं निघून गेले.

आवाज गेला नाही. मग दुसऱ्या खोलीतल्या चिपळूणच्या पोराचा जुना फ्रिज, मग तिसऱ्या खोलीतला इन्व्हर्टर. पाण्याची मोटर मागच्या भिंतीला होती, ती प्लंबर बोलावून पुढच्या अंगाला घेतली. पलीकडच्या इमारतीवरच्या मोबाइलच्या टॉवरबद्दल ती नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन भांडून आली. मिल्ट्रीच्या हद्दीत रात्रंदिवस कसलं मशीन चालतं म्हणून तिनं तारेच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या जवानाला मराठीत झापलं. तो बिचारा कुठला तरी मणिपूरकडचा, हसून सलाम करून मोकळा झाला.

आवाज होता कसा, तर बारीक. प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सुरसुर लागते, तसा. पण कुकर निदान शिट्टी देऊन मोकळा होतो. हा सुटतच नव्हता. रातकिडा म्हणावं तर रातकिडा मधे दम खातो, कुणाची चाहूल लागली की गप होतो. हा कुणाला भीत नव्हता. घरात टीव्ही चालू असला, रस्त्यावर कंपन्यांच्या बसा घुरघुरत असल्या की मागं सरायचा. दुपारी सगळं निवांत झालं की पुढं येऊन बसायचा, पाहुण्यानं पाट ओढून घ्यावा तसा.

सून तेजस्विनी म्हणायची, आत्याबाई, मला तर काहीच ऐकू येत नाही. शालनबाई म्हणायची, तुला नवऱ्यानं हाक मारलेली ऐकू येत न्हाई, हे काय येतंय.

आता या आवाजाला शालनबाई इतकी का भीत होती ते सांगायला हवं, कारण नुसता आवाज कुणाला एवढं निर्दय करत नाही.

या घराची पिठाची गिरणी होती. सासऱ्यानं घातलेली, पूर्वी काळ्या डिझेल इंजिनावर चालायची. भोसरीपासून चऱ्होलीपर्यंतच्या बाया डोक्यावर डबे घेऊन यायच्या. त्या गिरणीवर पहिली बसली ती थोरली सून, सावित्री. तिचा नवरा दत्तोबा ट्रकवर असायचा, महिना महिना घरी नसायचा, तेव्हा इंजिनाचा दांडा फिरवण्यापासून जात्याच्या दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं सावित्रीच करायची. पंचक्रोशीत त्या गिरणीला सावित्रीची गिरणी म्हणत. शालन धाकटी. लग्न होऊन आली ती थोरलीच्या हाताखाली, चाळण धरायला आणि पीठ भरायला. थोरली काही वाईट नव्हती, पण कामाला पक्की होती. चाळण हलली की चारचौघींत बोलायची. शालनला ते लागायचं.

मग सावित्री म्हणायला लागली की माझ्या कानात किडा बसलाय. दिवसा इंजिन चालू असलं की गप असतो, इंजिन बंद झालं की ओरडतो. ती दुपारचं जेवण सोडून इंजिनापाशी जाऊन बसायला लागली. काम नसलं तरी दांडा फिरवून इंजिन सुरू करायची आणि त्याच्या अंगाला डोकं टेकून डोळे मिटायची. बायांनी ते पाहिलं आणि गावभर झालं की थोरलीनं इंजिनाशी लगीन लावलंय. सासूनं खेडकडून भगत आणला. भगतानं सांगितलं, खाणीतल्या डोहावरच्या साती आसरा आहेत, कानातून शिरल्यात, कानातूनच काढाव्या लागतील. तेल तापवा.

तेल शालननं तापवलं. भगत कोमट म्हणाला होता. धूर निघेपर्यंत पळी चुलीवर ठेव, असं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं केलं. आणि थोरलीचं डोकं मांडीवर धरायला पण तीच बसली.

त्या किंकाळीनंतर सावित्रीच्या आसरा गेल्या की राहिल्या कुणास ठाऊक, उजवा कान मात्र गेला. महिनाभर त्यातून पू वाहिला. ती भिंतीवर डोकं आपटायला लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की ती खुळी झाली. आळंदी रस्त्यावरच्या एका वैद्यानं नाडी बघून सल्ला दिला, शांत ठेवा तिला. म्हणून मागच्या अंगाला एक खोली, तिला बाहेरून कडी. तिथं रेडिओ लावायचा नाही, पोरांनी खेळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. दत्तोबा पुढं ट्रकवरच मेला. गिरणी शालनकडं आली. ती गल्ल्यावर बसली आणि चाळीस वर्षं उठली नाही. बघता बघता लोक तिला शालनची गिरणी म्हणायला लागले.

आता लोक पिशवीतलं पीठ आणतात. नवरा रंगराव गेल्यावर मुलानं, अजिंक्यनं, गिरणी भंगारात घातली आणि गाळा मोबाइलवाल्याला दिला. त्याच दुपारी जेवून शालनबाई आडवी झाली आणि पहिल्यांदा तो बारीक आवाज तिच्या डोक्याशी येऊन बसला.

ती लगेच उठून बसली होती. कारण थोरली कशी सांगायची ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

म्हणून हा आवाज भिंतीत सापडायला हवा होता. फ्रिजात, तारेत, टॉवरवर, मिल्ट्रीत, कुठंही. कानात सापडून चालणार नव्हता. कानात सापडला तर एक तर शालनबाई थोरलीसारखी खुळी ठरत होती, नाही तर थोरली कधी खुळी नव्हतीच असं ठरत होतं. यातलं दुसरं जास्त वाईट होतं.

तिसरी खोली रिकामी झाल्यावर तिथं तनुजा राहायला आली. लातूरकडची, तिशीची, अंगानं किडकिडीत, बोलायला मोकळी. चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कामाला होती. पत्र्याचे तुकडे प्रेसखाली घालायचे, दाबून गाडीचे भाग बाहेर काढायचे. दिवसभर धाडधाड. कंपनीची बस मॅगझिन चौकात घ्यायची आणि तिथंच सोडायची. नवरा तळेगावला वॉचमन, आठवड्यातून एकदा यायचा. शालनबाईनं नियम सांगितले: मिक्सर सकाळी एकदाच, टीव्हीचा आवाज नाही, चार्जर लावून झोपायचं नाही, मागच्या खोलीकडं जायचं नाही. तनुजानं सगळ्याला होय की ओ मावशी म्हटलं आणि आठवड्याच्या आत मागच्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तिथं तिला जे दिसलं ते घरातले सगळे चाळीस वर्षं बघत होते. म्हातारी सावित्री भिंतीला डावा कान लावून बसली होती. त्या भिंतीच्या पलीकडं पूर्वी पाण्याची मोटर होती. तनुजानं अजिंक्यच्या बायकोला विचारलं. तेजस्विनी म्हणाली, मोटर चालू असली की काकू अशीच कान लावून बसायची, हसायची पण. मोटर हलवली तेव्हा चार दिवस जेवली नाही, भिंतीवर थापा मारायची. खुळ्या माणसाचं काय सांगावं.

तनुजाला ते कान लावणं ओळखीचं वाटलं. तिच्या डाव्या कानात दोन वर्षांपासून शिट्टी होती. कंपनीत वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी येते, तिथल्या बाईनं तिला समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ती प्रेसवर कानात बोळे घालायला चुकत नव्हती आणि झोपताना टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून लावत होती. वाऱ्यासाठी नाही, नुसत्या घरघरीसाठी.

चाकण-भोसरीकडं गुरुवारची सवय सगळ्यांना आहे. दुरुस्तीसाठी सकाळीच लाइट जाते आणि संध्याकाळशिवाय येत नाही. पुष्कळ कारखान्यांची सुट्टी त्याच वारी. शालनबाईनं एका गुरुवारी ठरवलं की आज निकाल लावायचा. आज तारेत वीज नाही, कुणाचा फ्रिज नाही, मोटर नाही, टॉवरसुद्धा थंड असणार. आवाज थांबला, की तो विजेचाच होता हे सिद्ध. मग अजिंक्यला, सुनेला, सगळ्या भाडेकरूंना ओळीनं उभं करून सांगता येईल. ती खूश होती. सुनेला तिनं पोरीला घेऊन माहेरी धाडलं, अजिंक्य कामावर. दुपारी दारं-खिडक्या लावून ती घराच्या मधोमध पाटावर बसली.

आवाज मोठा झाला.

इतका मोठा कधीच नव्हता. घर, गल्ली, सगळी दिघी मुकी झाली होती आणि त्या मुकेपणात तो एकटाच बोलत होता. शालनबाई उठली. भिंतींना कान लावत फिरली. स्वयंपाकघर, जिना, गाळ्याची मागची बाजू. शेवटी बाहेर येऊन मीटरच्या लाकडी फळीला कान चिकटवून उभी राहिली. डोळे मिटलेले, पदर खाली लोळतोय, ओठ हलतायत. सुट्टी म्हणून घरीच असलेली तनुजा कपड्यांची बादली घेऊन आली ती तिला अशी दिसली.

"मावशी, लाइट न्हाई ओ. मीटर बंद हाय."

"मला ठावं हाय."

"मग काय ऐकायलाव?"

शालनबाईनं कान फळीला आणखी दाबला. तनुजानं बादली खाली ठेवली. तिला खरं तर जपून बोलायचं होतं, पण तिला जपून बोलता येत नसे.

"ते भिंतीत नसतंय मावशी. कानात असतंय. माझ्या बी हाय, आमच्या लाइनीतल्या निम्म्या बायांना हाय. गिरणीनं झालंय तुमचं. आन् मागच्या मावशीला बी हेच हाय. त्या खुळ्या न्हाईत. म्या बघितलंय त्यास्नी."

शालनबाईनं फळीवरचा कान काढला. तिनं तनुजाला कंपनीतलं शहाणपण कंपनीत शिकव म्हणून सांगितलं, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाच्या कानात बोट घालायचं नसतं असंही. मग पदर सावरून आत गेली. दार लावलं. बराच वेळ ती दाराला पाठ लावून उभी होती. तिला एकाच गोष्टीचा राग आला होता: या पोरीनं तिला त्या फळीपाशी पाहिलं होतं, आणि तशीच भिंतीला कान लावलेली दुसरी बाई पण पाहिली होती.

तनुजा अजिंक्यशी बोलली. अजिंक्य चांगला होता, म्हणजे त्याला कटकट नको असे. खोल्या रिकाम्या पडत होत्या, टीव्हीच्या आवाजावरून रोज घरात भांडण. तो आईला गाडीत घालून निगडीला प्राधिकरणातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला.

तिथं तिला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. शालनबाईनं बटण दाबलं ते सोडलंच नाही. बाहेरची मुलगी आत आली आणि म्हणाली, आजी, आवाज आला की मगच दाबायचं. शालनबाई म्हणाली, येतोयच की गं बाई, थांबतोय कुठं. मुलगी हसली. शालनबाईला कितीतरी दिवसांनी वाटलं की आपल्याला कुणी हसलं तरी चालेल.

डॉक्टरीणबाई तरुण, पण घाई नसलेल्या. त्यांनी आधी मळ बघितला, रक्तदाब बघितला, मग कागदावर कानाचं चित्र काढलं. आत बारीक लव असते, म्हणाल्या, भाताच्या रोपांसारखी. आवाजाचा वारा आला की ती हलते आणि मेंदूला खबर जाते. इंजिनाच्या दणक्यानं ही लव झडली. ती परत उगवत नाही. आता मेंदूला खबर येईना, म्हणून तो आपलाच आवाज वाढवून ठेवतो. स्टेशन लागलं नाही की रेडिओ खरखरतो ना, तसं. म्हणजे आवाज खरा आहे, तुम्हाला येतो हे खरं आहे, फक्त बाहेर कुठं नाही.

गोळीनं जाईल का, असं अजिंक्यनं विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, कुणी गोळी देऊन घालवतो म्हटलं तर त्याच्याकडं जाऊ नका. पण मेंदूला सवय होते. रोज ज्याच्याकडं लक्ष जात नाही ते हळूहळू ऐकू येईनासं होतं, जसा घरातल्या घड्याळाचा टिकटिकाट. त्याला काही महिने लागतात आणि तोवर एक गोष्ट पाळायची: अगदी शांत खोलीत बसायचं नाही. पंखा, बारीक रेडिओ, काहीतरी चालू पाहिजे, त्या शिट्टीपेक्षा हळू. शिट्टी बुडवायला मोठा आवाज लावायचा नाही, त्यानं उरलीसुरली लव जाते. ऐकायचं यंत्र लावा, बाहेरचे आवाज आत आले की मेंदू आपला आवाज कमी करतो. एकदम एक कान बंद झाला किंवा नाडीसारखं ठकठक वाजायला लागलं तर मात्र त्याच दिवशी या.

"आणि आजी, हे वेड नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जण मनातल्या मनात तेच धरून बसतात, म्हणून सांगते."

शालनबाई म्हणाली, वेड कोण म्हणलंय. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की कानात गरम तेल घातलं तर.

"कुणी घातलं?"

"कुनी न्हाई. इचारलं."

कोमटसुद्धा घालू नये, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उकळतं घातलं तर पडदा जळतो, कान कायमचा जातो आणि आतली शिट्टी तशीच राहते. शालनबाईनं पुढचं विचारलं, आणि ते ती आपणहोऊन विचारते आहे याचं तिलाच नवल वाटलं. असलं दुखणं झालेल्या माणसाला शांत खोलीत ठेवलं, एकलंच, लई वर्षं, तर?

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. "मग त्या माणसाला त्या शिट्टीशिवाय दुसरं कुणी नाही आजी. सोसवत नाही माणसाला."

परतीच्या वाटेवर भोसरीच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. अजिंक्य समोर बघत म्हणाला की काकूला पण एकदा दाखवायला हवं. शालनबाई खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "तिचं येगळं हाय." अजिंक्यनं हॉर्न वाजवला. गाड्या सुटल्या.

यंत्र आलं. कानामागं बसणारं, चिंचोक्याएवढं. पहिले चार-आठ दिवस शालनबाईला भांड्यांचा आवाज अंगावर आल्यासारखा वाटला, पिशवीचा कागद चुरचुरला तरी दचकायची. मग बसलं. डोक्याशी पंखा लावून ती झोपायला लागली. शिट्टी होती, पण दूर, गल्लीच्या टोकाला कुणीतरी वाजवावी तशी. तिनं भाडेकरूंशी बोलणं सुरू केलं. खोली सोडून गेलेल्या चिपळूणच्या पोराला फोन करून फ्रिज घेऊन परत राहायला ये म्हणून सांगितलं. नातीला मांडीवर घेऊन टीव्ही बघायला लागली. शेजारणी म्हणाल्या, शालनबाई, तोंडावर तेज आलं तुमच्या. या सगळ्यात मागच्या खोलीची कडी होती तिथंच होती. जेवणाचं ताट सकाळ-संध्याकाळ जात होतं, रिकामं होऊन येत होतं.

एका दुपारी शालनबाईच्या यंत्रात तिकडून बोलण्याचा आवाज आला.

ती मागं गेली. कडी काढलेली होती. आत कोपऱ्यात तनुजाचा टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून घरघरत होता. सावित्री खाटेवर बसली होती, अंगावर धुतलेलं पातळ, आणि तनुजा तिच्या पांढऱ्या केसांची वेणी घालत होती. सावित्रीच्या डाव्या कानाशी एक छोटा रेडिओ उशीला टेकवून ठेवलेला, त्यावर कुणीतरी पिकांच्या फवारणीबद्दल सांगत होतं. सावित्री मन लावून ऐकत होती. तिचा चेहरा इतका सैल शालनबाईनं त्या इंजिनाच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता.

"मावशी बोलायल्यात ओ," तनुजा म्हणाली, अगदी आनंदानं. "सकाळधरनं बोलायल्यात."

सावित्रीनं मान वळवली. धाकट्या जावेला तिनं नीट न्याहाळलं, वरपासून खालपर्यंत, गिरणीवर आलेल्या गिऱ्हाइकाचा डबा बघावा तसं. कानामागचं यंत्र तिला दिसलं.

"तुला बी बसला व्हय किडा?"

शालनबाईचा हात कानामागं यंत्रावर गेला.

"माझा बसलाय खाली. ह्या पोरीनं बसिवला." मग ती जरा हसली आणि तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाली, "त्याल लई कढलं व्हतं गं शालन. एवढं कढवाया नगं व्हतं."

तनुजाचा हात वेणीत थांबला. तिनं एकदा थोरलीकडं पाहिलं, एकदा धाकटीकडं. तिला काय कळलं आणि किती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

शालनबाईनं आधी फॅनची पिन काढली. मग रेडिओ उचलला. सावित्रीनं हात पुढं केला, लहान पोरानं करावा तसा, आणि हात तसाच राहिला. शालनबाईनं तनुजाला बाहेर काढलं, कडी घातली आणि पहिल्यांदाच तिला कुलूप लावलं.

अजिंक्यला तिनं संध्याकाळी जे सांगितलं त्यात रेडिओ नव्हता. भाडेकरीण खुळ्या बाईच्या खोलीत शिरते, तिला भलतंसलतं शिकवते, घरातल्या माणसांवर घालते. उद्या खुळीनं तिच्या नरड्याला हात घातला म्हणजे पोलीस कुणाच्या दारात येतील, एवढंच. तनुजानं त्याला रस्त्यात गाठून सगळं सांगितलं, तेलाचंसुद्धा. अजिंक्यनं ऐकून घेतलं. त्याला त्यातलं पुष्कळसं खरं वाटलं. पण घरातली थोरली सून चाळीस वर्षं उगाच कोंडून ठेवली, हे भावकीत गेलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि आई आत्ताच कुठं नीट झोपायला लागली होती. तो तनुजाला म्हणाला, ताई, तुम्ही चांगल्या आहात, पण तुम्ही दुसरीकडं खोली बघा. वर हेही म्हणाला की सामान हलवायला टेम्पो लागला तर सांगा.

ती गेली. जाताना मागच्या खोलीच्या खिडकीशी थांबून काहीतरी बोलली. आतून उत्तर आलं की नाही ते कुणी पाहिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून सावित्री हाक मारायला लागली.

एवढी वर्षं तिनं काही मागितलं नव्हतं. आपटली, रडली, मग गप झाली, आणि घरानं तो गपपणा म्हणजे उतार पडला असं धरलं होतं. आता तिला कळलं होतं की किडा खाली बसतो. म्हणून ती मागत होती. ओरडत नव्हती. गिरणीत पट्ट्याच्या पलीकडून चाळण मागावी, तशा नेहमीच्या आवाजात: "शालन, लाव की गं. जरा लाव." थोडा वेळ थांबायची, वाट बघायची, पुन्हा: "लाव की."

तेजस्विनीनं दोन दिवस ऐकलं आणि सासूला म्हणाली की काय मागतायत ते देऊन टाका ना. शालनबाई म्हणाली, खुळ्याला एक दिलं की धा मागतं. मग तेजस्विनी पोरीला घेऊन वरच्या मजल्यावर झोपायला लागली. अजिंक्य उशिरा यायचा. हाक ऐकायला खाली एकटी शालनबाईच उरली.

यंत्र चांगलं होतं. बाहेरचा बारीकसारीक आवाज उचलून आत आणायचं, तेच त्याचं काम. पंख्याची घरघर आणायचं, तशी मागच्या खोलीतली हाकही आणायचं, मधल्या दोन भिंती नसल्यासारखी. शालनबाईनं पंखा वाढवून पाहिला. टीव्ही लावला. हाक त्याच्या खालून यायची. शेवटी तिनं यंत्र कानामागून काढलं. हाक थांबली. आणि गल्लीच्या टोकाची शिट्टी उठली, चालत आली, पाट ओढून डोक्याशी बसली.

चार-सहा दिवस तिनं दोन्ही करून पाहिलं. यंत्र घालायची, थोरलीचं "लाव की" दोन-तीनदा ऐकायची, काढायची. शिट्टी सोसवेना झाली की पुन्हा घालायची. रेडिओ तिच्याच कपाटावर होता, सेल चांगले होते, मागची खोली दहा पावलांवर. उठून तो नेऊन दिला असता तर दोघींचंही भागलं असतं. पण थोरलीला बरं वाटलं असतं. आणि ती बरी झाली असती तर मग इतकी वर्षं तिला काय झालं होतं, हा प्रश्न कुणीतरी, कधीतरी, तेजस्विनीनं, नातीनं, विचारलाच असता.

शालनबाईनं यंत्र रुमालात गुंडाळलं आणि पेटीत तळाशी घातलं. महिन्याच्या तपासणीसाठी डॉक्टरीणबाईंकडून फोन आला तेव्हा अजिंक्यला सांगितलं, त्या बाईला काही कळत न्हाई, माझा आवाज भिंतीतनंच येतोय, तू इलेक्ट्रिशियनला बोलाव. अजिंक्यनं आईच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

इलेक्ट्रिशियन आला. शालनबाईनं त्याला अख्खं घर दाखवलं, प्रत्येक बटण, प्रत्येक फळी. मागच्या खोलीकडं तो वळला तेव्हा ती आडवी उभी राहिली आणि म्हणाली, तिकडं काय न्हाई. आतून सावित्री काहीतरी म्हणत होती. इलेक्ट्रिशियननं ते ऐकलं आणि बाईकडं पाहिलं. शालनबाईनं नाही ऐकलं. तिच्या कानात दुसरं काही मावतच नव्हतं.